परकीय भाषा आणि आंतरराष्ट्रीय संवाद : पदवी कार्यक्रमाची आखणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयांतील भाषा विभाग, अभ्यास मंडळांचे सदस्य आणि असा कार्यक्रम नव्याने सुरू करू पाहणारे प्राचार्य यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः जर्मन, फ्रेंच आणि जपानीची आहेत. क्रेडिटांचे आकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरच्या ढाच्यावर बेतले आहेत, पण तुमच्या विद्यापीठाचे ताजे परिपत्रक शेजारी ठेवूनच ते वापरा.

नुसत्या ‘बी.ए. जर्मन’पेक्षा हा कार्यक्रम वेगळा कसा?

बी.ए. जर्मनच्या केंद्रस्थानी साहित्य, साहित्येतिहास आणि भाषाविज्ञान असते. भाषा त्या अभ्यासाचे साधन म्हणून शिकवली जाते. ‘परकीय भाषा व आंतरराष्ट्रीय संवाद’ या नावाच्या कार्यक्रमात केंद्र बदलते. एक भाषा कामापुरती पक्की करायची आणि ती वापरून दोन पक्षांमध्ये दुवा साधायला शिकवायचे, हे इथले मुख्य काम. दुवा साधणे म्हणजे बैठकीचा गोषवारा देणे, पत्रव्यवहार सांभाळणे, दुभाषी म्हणून उभे राहणे, दस्तऐवजाचा अनुवाद करणे आणि गैरसमज कुठे होतोय ते वेळीच ओळखणे.

जुन्या अभ्यासक्रमातल्या सहा पेपरांत ‘कम्युनिकेशन स्किल्स’चा एक पेपर घालून नाव बदलले, तर विद्यार्थ्याला नवे काहीच मिळत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे निम्मे पेपर बदलणार नसतील, तर जुनेच नाव प्रामाणिक आहे.

आखणीला सुरुवात कुठून करायची?

पेपरांच्या यादीपासून करू नका. बहुतेक आराखडे इथेच फसतात. कोणत्या प्राध्यापकाला कोणता पेपर येतो यावरून यादी तयार होते आणि उद्दिष्टे नंतर तिला चिकटवली जातात.

आधी परिसरातल्या पंधरा-वीस आस्थापनांशी बोला आणि ‘तुम्हाला भाषा येणारी माणसे लागतात का?’ हा प्रश्न टाळा, कारण त्याचे उत्तर सगळे ‘हो’ असेच देतात. गेल्या महिन्यात परकीय भाषेतली कोणती कामे आली, ती तोंडी होती की लेखी, ती कोणी केली आणि कुठे अडले, असे विचारा. पुणे-चाकण पट्ट्यात जर्मनसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका, पुरवठादारांशी ईमेल आणि गुणवत्ता तपासणीचे अहवाल पुढे येतील. जपानीसाठी बैठकीतले दुभाषीपण आणि आराखड्यांवरच्या टिपा येतील. गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे पोर्तुगीजची गरज पुराभिलेखागारातली जुनी कागदपत्रे, जमिनीचे दस्त आणि १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर उभा असलेला कौटुंबिक कायदा यांतून येते. पणजीतल्या कार्यक्रमाने चाकणचा अभ्यासक्रम उचलून चालणार नाही.

या माहितीवरून पदवीधर काय करू शकेल याची आठ ते दहा वाक्ये लिहा. ‘जर्मन भाषेचे ज्ञान असेल’ असे वाक्य नको. ‘तांत्रिक विषयावरचा दोन पानी जर्मन मजकूर वाचून त्याचा मराठीत किंवा इंग्रजीत एका परिच्छेदात गोषवारा देईल’ असे हवे. त्या वाक्यांवरून भाषेची पातळी ठरते, पातळीवरून तास ठरतात, तासांवरून क्रेडिटांची मांडणी ठरते. पेपरांची नावे सगळ्यांत शेवटी.

तीन वर्षांत शून्यापासून भाषा कितपत येते?

जर्मन किंवा फ्रेंच असेल आणि तास खरोखर होत असतील, तर तीन वर्षांत बी२ आणि चौथ्या वर्षाअखेर सी१ च्या जवळ, हे वाजवी लक्ष्य आहे (युरोपीय भाषाचौकटीत ए१ ही सुरुवातीची आणि सी२ ही सर्वांत वरची पातळी). जपानीसाठी तीन वर्षांत एन३ आणि चार वर्षांत एन२ (जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत कठीण). चिनी आणि कोरियनचा हिशेबही जपानीसारखाच संथ धरा.

हा फरक शिकवण्यातल्या कसरीमुळे पडत नाही. अमेरिकेची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना कामापुरती भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी तिथे फ्रेंच-स्पॅनिशला सुमारे ६०० ते ७५० तास आणि जपानी, चिनी, कोरियन, अरबीला सुमारे २,२०० तास धरले जातात. आपले विद्यार्थी इंग्रजीभाषक नाहीत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. जपानीची वाक्यरचना मराठीच्या जवळची असल्याने काही टप्पे आपल्याकडे सोपे जातात. पण दोन हजारांहून जास्त कांजी चिन्हे कोणालाच सवलत देत नाहीत.

प्रवेशपुस्तिकेत पातळी छापताना ती वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चार कौशल्यांसाठी वेगवेगळी छापा. वाचन बी२ आणि संभाषण बी१ असा निकाल पूर्णपणे स्वाभाविक आहे, आणि तो लपवण्यापेक्षा सांगितलेला बरा. ‘तीन वर्षांत अस्खलित’ हे शब्द कुठेही वापरू नका.

क्रेडिट आणि तास यांचा हिशेब नेमका कसा मांडायचा?

सगळा कार्यक्रम या उत्तरावर उभा राहतो किंवा पडतो, म्हणून ते सविस्तर देत आहोत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या ढाच्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात. महाराष्ट्रात एका सत्राला २० ते २२ क्रेडिट धरली गेली. मुख्य विषयाच्या वाट्याला तीन वर्षांत साधारण ५० ते ६० क्रेडिट येतात. उरलेली जागा गौण विषय, खुले वैकल्पिक, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहशालेय उपक्रम वगैरेंची असते.

कळीचा नियम असा : व्याख्यानाच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास मिळतात, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. भाषा हा कौशल्याचा विषय आहे. तरी कला शाखेच्या सवयीने सगळी क्रेडिट ‘थिअरी’ म्हणून नोंदवली जातात आणि निम्मे तास तिथेच गमावले जातात.

समजा मुख्य विषयाची ५६ क्रेडिट आहेत. त्यांतली ३० भाषाकौशल्याला आणि २६ साहित्य, समाज, अनुवाद, संवाद अशा आशयाच्या पेपरांना दिली. ती ३० क्रेडिट सगळी व्याख्यानाची धरली, तर तीन वर्षांत ४५० तास होतात. त्याऐवजी १० क्रेडिट व्याख्यानाची आणि २० प्रात्यक्षिकाची धरली, तर १५० अधिक ६०० म्हणजे ७५० तास. व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रमाची ८ क्रेडिटही याच भाषेच्या उच्चार, श्रवण आणि लेखन प्रात्यक्षिकांना जोडली, तर आणखी २४० तास मिळून ९९० होतात. दोन्हीकडे क्रेडिटांचा ढाचा एकच आहे, तास मात्र दुपटीहून जास्त.

आता यातून गळती वजा करा. कागदावर सत्र १५ आठवड्यांचे असते, पण परीक्षा, स्नेहसंमेलन, सुट्ट्या आणि उशिरा संपणारे प्रवेश यांत किमान चौथा भाग जातो. पहिल्या मांडणीत हाती सुमारे ३४० तास उरतात, दुसऱ्या मांडणीत सुमारे ७४०. जर्मन शिकवणारी गोएथे इन्स्टिट्यूट पातळ्यांचा हिशेब ४५ मिनिटांच्या तासिकांत देते : बी१ साठी ३५० ते ६५०, बी२ साठी ६०० ते ८००. पहिल्या मांडणीच्या साधारण ४५० तासिका होतात आणि विद्यार्थी बी१ वर थांबतो. दुसरीच्या ९९० तासिका होतात. कागदावर त्या बी२ ला पुरून उरतात, पण गोएथेचा वर्ग लहान असतो आणि आपला मोठा. तो फरक भरून काढायलाच ही जादा शिल्लक लागते.

वेळापत्रकात हे असे दिसते. पहिल्या सत्रात मुख्य विषयाची ६ क्रेडिट, त्यांत २ व्याख्यानाची आणि ४ प्रात्यक्षिकाची, म्हणजे आठवड्याला १० तास. शिवाय व्यावसायिक कौशल्याच्या २ क्रेडिटांचे ४ तास. एकूण १४ तास भाषा, रोज दोन-अडीच तास. नवशिक्याला पहिल्या वर्षी एवढा सलग सहवास मिळाला, तर पुढची दोन वर्षे सोपी जातात. तास समान वाटण्यापेक्षा पहिल्या तीन सत्रांत जास्तीत जास्त भाषा घाला आणि आशयाचे पेपर तिसऱ्या वर्षाकडे ढकला.

एक धोका लक्षात ठेवा. अभ्यासक्रमात ३० तासांचे प्रात्यक्षिक मंजूर होते आणि वेळापत्रक लावताना ‘कला शाखेला कसले प्रात्यक्षिक’ म्हणून १५ तासच दिले जातात. प्रात्यक्षिकाची तुकडी किती विद्यार्थ्यांची, तिचा कार्यभार कसा मोजायचा आणि भाषा प्रयोगशाळा कोणत्या वेळी मोकळी राहील, हे मंजुरीच्या टिपणीतच लिहून घ्या. तुकडी २० ची असावी, २५ च्या पुढे नकोच.

एक भाषा ठेवावी की दोन?

मुख्य भाषा एकच ठेवा. वरचा हिशेब पाहिला, तर दुसऱ्या भाषेला तास उरत नाहीत हे दिसेल. ‘दोन परकीय भाषा’ ही जाहिरातीची ओळ आकर्षक असते, पण विद्यार्थी दोन्हींत ए२ वर अडकतो, आणि त्या पातळीवर एकाही भाषेत काम मिळत नाही. गौण विषयाच्या क्रेडिटांत दुसरी भाषा ऐच्छिक ठेवता येईल, फक्त तिचे लक्ष्य ए२ असे स्पष्ट लिहा. गौण विषय म्हणून वाणिज्य, पर्यटन, संगणक किंवा राज्यशास्त्र घेतलेला विद्यार्थी बाजारात जास्त उपयोगी ठरतो, असे आमचे ठाम मत आहे.

साहित्य ठेवायचे का? विद्यार्थी ते नको म्हणतात.

ठेवायचे. नको म्हणतात ते बहुतेक वेळा साहित्येतिहासाच्या टिपा पाठ करण्याला. कथा, कविता, नाटकातला प्रवेश दुसऱ्या सत्रापासूनच वाचता येतो, फक्त तो त्या पातळीचा आणि अखंड हवा. सारांश वाचून दीर्घ प्रश्नांची उत्तरे लिहिण्याला साहित्याचा अभ्यास म्हणता येत नाही. ज्या समाजाशी संवाद साधायचा, तो कशाने दुखावतो आणि कशावर हसतो, हे व्यावसायिक पत्रांच्या नमुन्यांतून कळत नाही. तिसऱ्या वर्षी दोन पेपर पुरेत, पण त्यांत चार-पाच कृती पूर्ण वाचून व्हाव्यात.

‘आंतरराष्ट्रीय संवाद’ या भागात नेमके काय शिकवायचे?

या भागाची पाठ्यपुस्तके बहुधा व्याख्यांनी भरलेली असतात. संवादाचे सात अडथळे पाठ करून कोणाला संवाद साधता येत नाही. इथले प्रत्येक क्रेडिट एखाद्या हातात धरता येईल अशा कामाशी बांधा.

पहिला घटक मध्यस्थीचा. युरोपीय परिषदेच्या भाषाचौकटीच्या २०२० च्या पूरक खंडात मध्यस्थीसाठी सविस्तर वर्णने दिली आहेत : एका भाषेतली माहिती दुसऱ्या भाषेत पोहोचवणे, कठीण मजकूर सोपा करून सांगणे, दोन व्यक्तींतला संवाद पुढे नेणे. ती थेट अध्ययननिष्पत्ती म्हणून वापरता येतात. दर आठवड्याला एक सराव पुरतो. एक विद्यार्थी जर्मन बोलणारा पाहुणा, दुसरा मराठी बोलणारा लघुउद्योजक आणि तिसरा मध्ये. दहा मिनिटांनी भूमिका बदलायच्या.

दुसरा घटक अनुवादाचा. सुरुवात परकीय भाषेतून मराठीत करा, उलटी नको. व्यावसायिक अनुवादक शक्यतो आपल्या सशक्त भाषेत अनुवाद करतो. चौथ्या सत्रापासून प्रत्येक विद्यार्थ्याने एका क्षेत्राचा २०० संज्ञांचा कोश स्वतः तयार करावा. ओमेगा-टी हे अनुवादसाहाय्याचे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त स्रोत आहे. त्यावर अनुवादस्मृती (आधी केलेल्या अनुवादांचा साठा) कशी जमते हे दोन प्रात्यक्षिकांत शिकवून होते.

तिसरा घटक संस्कृतींतल्या फरकांचा, आणि तोच सगळ्यांत जास्त बिघडतो. ‘जर्मन वक्तशीर, जपानी नम्र, फ्रेंच रसिक’ असे साचे शिकवले जातात आणि विद्यार्थी तेच उत्तरपत्रिकेत उतरवतो. हॉफस्टेड यांच्या सांस्कृतिक परिमाणांचे, म्हणजे देशोदेशींच्या संस्कृतींना गुण देणारे तक्ते दाखवायला हरकत नाही, पण त्यांमागची मूळ पाहणी प्रामुख्याने आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांची होती आणि देशाची सरासरी समोरच्या माणसाला लावता येत नाही, हे त्याच तासाला सांगा. मायकेल बायरम यांनी १९९७ मध्ये मांडलेला आंतरसांस्कृतिक क्षमतेचा नमुना वर्गासाठी जास्त कामाचा आहे, कारण तो माहितीसोबत वृत्ती, अर्थ लावण्याचे कौशल्य आणि चिकित्सक भान मोजतो. व्यवहारात याचा अर्थ प्रसंगांवर काम करणे. एखादी ईमेल उद्धट का वाटली, बैठकीतल्या शांततेचा अर्थ काय, ‘बघू’ हे उत्तर होकार मानायचे की नकार, असे बारा-पंधरा प्रसंग एका सत्रात पुरतात. त्यांतले निम्मे आपल्याकडच्या वागण्याच्या, परक्याने लावलेल्या अर्थाचे असावेत.

चौथा घटक लेखनाचा : ईमेल, बैठकीचे इतिवृत्त, चौकशी आणि तक्रार, अर्ज, छोटा अहवाल. प्रत्येक प्रकार तीनदा लिहून, दुरुस्त करून, पुन्हा लिहिला तरच बसतो.

वर्गात मराठी वापरायची की केवळ परकीय भाषाच?

दोन्ही, पण ठरवून. सूचना, गप्पा, हजेरी परकीय भाषेत होऊ द्या. व्याकरणाची अडचण मराठीतून दोन मिनिटांत सुटत असेल, तर वीस मिनिटे हावभाव करत बसू नका. शिवाय मराठीभाषक विद्यार्थ्याकडे काही गोष्टी आयत्या असतात आणि इंग्रजी माध्यमातून शिकवताना त्या वाया जातात.

जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, मराठीतही आहेत. इंग्रजीभाषकाला ही कल्पनाच नवी असते, आपल्याला फक्त कोणत्या नामाचे कोणते लिंग हे शिकायचे असते. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर, जर्मनमध्येही तसेच. ‘चमचा’मधला च हा जर्मन झेड अक्षराच्या उच्चाराच्या अगदी जवळ आहे. फ्रेंचमधले प, त, क महाप्राण नसतात, ते मराठी प, त, क सारखेच म्हणायचे असतात. जपानीतले कर्ता-कर्म-क्रियापद आणि नामानंतर लागणारे प्रत्यय मराठी वाक्यावरून समजावता येतात. तू, तुम्ही, आपण ही तीन पायऱ्यांची जाण जर्मनमधल्या दोन संबोधनांना आणि जपानीतल्या आदरार्थी रूपांना उपयोगी पडते. अभ्यासक्रमात पहिल्या सत्रासाठी सहा तासांचे ‘मराठीच्या तुलनेत’ असे एकक घाला.

मदत जिथे संपते तेही शिकवा. जर्मन आणि फ्रेंचमधले ओठ गोल करून, जीभ पुढे ठेवून म्हणायचे स्वर मराठीत नाहीत, आणि देवनागरीत लिहून घेतलेले उच्चार ते कायमचे बिघडवतात. पहिल्या दोन आठवड्यांनंतर वहीत देवनागरी उच्चार लिहायला मनाई करा.

काही विद्यार्थी शाळेत किंवा बारावीपर्यंत भाषा शिकून येतात. त्यांचे काय?

पहिल्याच आठवड्यात पातळीनिश्चितीची चाचणी घ्या : ४५ मिनिटे लेखी आणि पाच मिनिटे तोंडी. बारावीत नव्वद गुण असलेल्याचे संभाषण ए१ चेच असू शकते, म्हणून गुणपत्रिकेवर विसंबू नका. संख्या पुरेशी असेल तर दोन तुकड्या करा. नसेल, तर या विद्यार्थ्यांना व्याख्यानांऐवजी स्वतंत्र वाचन-प्रकल्प द्या आणि प्रात्यक्षिकांत सर्वांसोबत ठेवा. त्यांना पुन्हा पहिल्या धड्यापासून बसवले, तर चांगले विद्यार्थी दुसऱ्या महिन्यात वर्गात येणे थांबवतात.

बाहेरचे प्रमाणपत्र आणले म्हणून क्रेडिट आपोआप मिळत नाहीत. ती द्यायची असतील, तर विद्या परिषदेचा तसा ठराव लागतो.

परीक्षा कशी असावी?

पहिली गोष्ट : तोंडी परीक्षेत स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे सक्तीचे करा. एकत्रित ४० टक्क्यांचा नियम असला की एकही वाक्य न बोलता पदवी मिळवता येते.

तोंडी परीक्षेला मनुष्यबळ पुरत नाही अशी तक्रार असते. हिशेब करून पाहा. ६० विद्यार्थी जोडीने बसवले तर ३० जोड्या, प्रत्येकी १५ मिनिटे, म्हणजे साडेसात तास. दोन परीक्षक असले की एका दिवसात उरकते. गुण देण्यासाठी उच्चार, ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि समोरच्याला प्रतिसाद असे पाच निकष ठेवा. सुरुवातीच्या चार जोड्यांना दोघांनी स्वतंत्र गुण देऊन फरक तपासा, मगच पुढे जा.

लेखी परीक्षेत किमान निम्मा मजकूर न पाहिलेला हवा. पाठ्यपुस्तकातलेच उतारे आले की परीक्षा पाठांतराची होते. श्रवणाची परीक्षा ध्वनिमुद्रणावर घ्या, कारण शिक्षक मोठ्याने वाचून दाखवतात तेव्हा ते नकळत सावकाश आणि ओळखीच्या लकबीत वाचतात.

डेल्फ (फ्रेंच), गोएथे (जर्मन), जेएलपीटी (जपानी) यांसारख्या परीक्षा सक्तीच्या कराव्यात का?

सक्ती नको. शुल्क मोठे असते, जागा आणि तारखा आपल्या हातात नसतात. जेएलपीटी वर्षात जुलै आणि डिसेंबर अशी दोनदाच होते. पण सत्रांची लक्ष्ये या परीक्षांशी जुळवा, म्हणजे चौथ्या सत्रानंतर बी१ ची परीक्षा देणाऱ्याला वेगळा क्लास लावावा लागणार नाही.

जेएलपीटीत संभाषण आणि लेखन तपासलेच जात नाही. त्यामुळे एन३ उत्तीर्ण विद्यार्थी कंपनीच्या मुलाखतीत गप्प बसतो. जपानीच्या कार्यक्रमात ही दोन कौशल्ये तुम्हालाच मोजावी लागतील.

पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला काय द्यायचे?

नियमानुसार ४० क्रेडिट आणि उन्हाळ्यातली ४ क्रेडिटची कामाधारित जोड यांवर प्रमाणपत्र, ८० अधिक ४ वर पदविका. बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करू शकतो. क्रेडिट अकॅडेमिक बँकेत (क्रेडिटांच्या राष्ट्रीय डिजिटल नोंदणीत) जमा राहतात. अडचण अशी, की भाषा वापरात नसली तर विसरते. दोन वर्षांनी परतलेल्याला थेट तिसऱ्या सत्रात बसवू नका. पातळीनिश्चितीची तीच चाचणी घ्या आणि चार आठवड्यांची उजळणी द्या.

शिक्षक कुठून आणायचे?

सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (राष्ट्रीय किंवा राज्यस्तरीय पात्रता परीक्षा), हा सर्वसाधारण नियम आहे. जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश, रशियन आणि चिनी या भाषांमध्ये नेट घेतली जाते. खरी अडचण पात्र उमेदवारांच्या संख्येची आणि नेमणुकीच्या पद्धतीची आहे. बहुतेक विभाग तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर चालतात, आणि ते मध्येच जास्त पगाराच्या अनुवादाच्या नोकरीकडे वळले की विद्यार्थी ए२ वर अडकून पडतात. किमान दोन पूर्णवेळ पदे हाती आल्याशिवाय प्रवेश सुरू करू नका. एका पूर्णवेळ शिक्षकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे असते, आणि पहिल्या वर्षाच्या दोन प्रात्यक्षिक तुकड्यांतच तेवढे भरतात.

अनुवाद, दुभाषीपण, व्यावसायिक लेखन यांसाठी प्रत्यक्ष काम करणारी माणसे ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून घेता येतात. आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यांना औपचारिक पदव्यांची अट नाही, पण त्यांची संख्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांच्या आत हवी. मातृभाषक मिळाला म्हणून नवशिक्यांचा वर्ग त्याच्या हाती देऊ नका. शिकवण्याचे प्रशिक्षण नसेल, तर त्याचा उपयोग तिसऱ्या वर्षाच्या संभाषणाला जास्त होतो.

यंत्रानुवाद इतका सुधारला असताना अनुवाद शिकवायचा कशाला?

साध्या मजकुराचा कच्चा मसुदा आता यंत्र करते, हे मान्य करूनच आखणी करा. काम सरकले आहे ते तपासणीकडे. संज्ञा सर्वत्र एकसारखी आहे का, नकार सुटला का, आदरार्थी रूप चुकले का, करारातली जबाबदारी उलट्या पक्षावर गेली का, हे ओळखायला बी२ च्या वरची भाषा लागते. म्हणून पाचव्या सत्रात यंत्रानुवादाच्या संपादनाचा २ क्रेडिटचा पेपर ठेवा. परकीय भाषेतून मराठीत यंत्राच्या चुका इंग्रजीपेक्षा जास्त सापडतात, त्यामुळे सरावाला साहित्य भरपूर मिळते.

पहिल्या तीन सत्रांत मात्र घरी करायचे लेखन गुणांसाठी ठेवू नका. गुणांचे लेखन वर्गात, हाताने. नाहीतर तुम्ही विद्यार्थ्याऐवजी यंत्राला गुण द्याल.

परदेशी विद्यापीठाशी करार आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. सामंजस्य करारांच्या फायली जाड होतात आणि एकही विद्यार्थी जात नाही, असेच अधिक वेळा घडते. दुहेरी किंवा संयुक्त पदवीसाठी आयोगाचे २०२२ चे नियम आहेत. ट्विनिंगमध्ये, म्हणजे पदवी आपली आणि शिक्षणाचा काही भाग परदेशी संस्थेत अशा व्यवस्थेत, परदेशी संस्थेची क्रेडिट ३० टक्क्यांपर्यंत चालतात, संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांकडे किमान ३० टक्के असावी लागतात. नॅक या मूल्यांकन परिषदेचे किमान ३.०१ गुणांकन किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीतले वरचे स्थान अशा अटी असल्याने लहान महाविद्यालयांना हा रस्ता सहसा बंद असतो.

त्यापेक्षा दोन गोष्टी करा. एक, परदेशातल्या एखाद्या वर्गाशी सत्रभराचा ऑनलाइन संयुक्त प्रकल्प. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, म्हणून आपली दुपार धरा. दोन, शिष्यवृत्तीची तयारी. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती जपानी भाषा-संस्कृतीच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी वर्षभराची स्वतंत्र संधी देते. जर्मनीच्या डाड या विद्यार्थी-विनिमय संस्थेकडून उन्हाळी अभ्यासक्रमांसाठीही शिष्यवृत्त्या असतात. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्जांचे वेळापत्रक विद्यार्थ्यांना द्या. प्रेरणापत्र लिहिणे हा लेखनाच्या पेपरचा भाग करा.

प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण कुठे आणि कसे द्यायचे?

चार क्रेडिट म्हणजे १२० तास. कंपनीत पाठवलेला विद्यार्थी फाइली लावत बसला, तर तो वेळ गेला. यजमान संस्थेशी आधीच लेखी ठरवा : किमान ५,००० शब्दांचा अनुवाद किंवा संपादन, किमान तीन बैठकांना हजेरी आणि त्यांचे इतिवृत्त, शेवटी संज्ञाकोश. गोपनीय कागद बाहेर नेता येत नसतील, तर यजमानाने दिलेला शेरा ग्राह्य धरा. पर्यटन, वस्तुसंग्रहालये, अनुवादसंस्था, आयात-निर्यातीची कार्यालये यांतही जागा मिळतात. मोठ्या वाहन कंपन्यांच्याच मागे लागू नका.

नोकरीबद्दल पालकांना काय सांगायचे?

खरे ते सांगा. नुसत्या भाषेवर मिळणारी कामे म्हणजे शिकवणे, अनुवाद, दुभाषीपण आणि बहुभाषक ग्राहकसेवा. त्यांना किमान बी२ किंवा एन२ लागते. भाषेसोबत लेखा, संगणक, पुरवठासाखळी यांचे ज्ञान असले, तर दारे जास्त उघडतात. जर्मनीशी मनुष्यबळाचे करार होत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी तसा करार केला. पण ती मागणी परिचर्या, वीजकाम, वाहनचालन अशा कुशल कामांची आहे. तिथे कला शाखेच्या पदवीधराला संधी आहे ती या लोकांना भाषा शिकवण्याची. जाहिरातीत या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

मंजुरीला किती वेळ धरायचा?

प्रवेशांच्या आधी दीड वर्ष कामाला लागा. पहिले तीन महिने पाहणी आणि निष्पत्ती लिहिण्यात जातात, पुढचे तीन क्रेडिटांची मांडणी आणि पेपरांचे मसुदे करण्यात. मग अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद, आणि संलग्न महाविद्यालय असेल तर नव्या अभ्यासक्रमाच्या परवानगीचा स्वतंत्र प्रस्ताव, ज्याच्या तारखा ठरलेल्या असतात. स्वायत्त महाविद्यालयाला स्वतःच्या मंडळामुळे वेळ कमी लागतो. मसुदे अभ्यास मंडळातून परत येतात ते बहुतेक दोन कारणांनी : निष्पत्ती मोजता येत नाही किंवा क्रेडिट आणि तास जुळत नाहीत. प्रत्येक पेपरखाली तासांची फोड आणि मूल्यमापनाची पद्धत आधीच लिहिली असेल, तर दुसरी फेरी वाचते.

पहिली तुकडी दुसऱ्या सत्राच्या शेवटी पोहोचली की तिची ए२ ची नमुना परीक्षा बाहेरच्या परीक्षकाकडून घ्या. निम्म्याहून जास्त विद्यार्थी मागे असतील, तर तिसऱ्या सत्राचे पेपर बदलण्याची तरतूद नियमावलीत सुरुवातीपासूनच असू द्या.